‘पेशी’ वाढायला लागल्या होत्या, मग गोळ्या का थांबवल्या?

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी २६ वर्षांची, पहिलटकरीण. २७वा आठवडा चालू आहे. रायगड जिल्ह्यात राहते. मध्यंतरी आठवडाभर उन्हाळी लागली होती, धण्याचं पाणी पीत होते. मग एका रात्री हुडहुडी भरून १०३ ताप आला, उजव्या कुशीत, बरगडीखाली पाठीकडे दुखायला लागलं, उलट्या झाल्या. ॲडमिट केलं. प्लेटलेट ९२,००० निघाल्या, दुसऱ्या दिवशी ८१,०००. डेंग्यू-मलेरिया निगेटिव्ह. लघवीच्या कल्चरमध्ये ई. कोलाय नावाचे जंतू आले. पाच दिवस सेफ्ट्रायॅक्सोनची इंजेक्शनं झाली, ताप गेला, घरी सोडताना प्लेटलेट १,१८,००० होत्या. पुढे नऊ दिवस सेफिक्सिमच्या गोळ्या दिल्या होत्या, पण मळमळायचं. आणि अँटिबायोटिकनेच पेशी कमी होतात असं शेजारी कोणी म्हणालं, म्हणून तीन दिवसांनी बंद केल्या. त्याला आता दोन दिवस झाले. सासूबाई पपईच्या पानांचा रस घे म्हणतात. यांचं म्हणणं, प्लेटलेटची पिशवी आधीच चढवून घेऊ. मला भीती वाटते की बाळंतपणात रक्त थांबणार नाही आणि बाळाच्याही पेशी कमी असतील. तिसऱ्या महिन्यात माझ्या १,९८,००० होत्या. पुढच्या महिन्यात माहेरी साताऱ्याला जायचं आहे. काय करू?

उत्तर

पुढचं सगळं नंतर वाचा. आधी तुमच्या डॉक्टरांना फोन करा आणि सांगा, ‘सेफिक्सिम तीन दिवसांनी बंद केली, दोन दिवस झाले.’ उरलेल्या गोळ्या तशाच पुढे चालू करायच्या, औषध बदलायचं की आधी लघवी पुन्हा तपासायची, हे ते ठरवतील. फोन करताना कल्चरचा कागद हाताशी ठेवा. त्यावर कोणत्या औषधाला जंतू दाद देतात आणि कोणत्या औषधाला देत नाहीत याची यादी असते. मळमळीमुळे गोळी बदलायची झाली तर त्या यादीतूनच बदलायची असते, मेडिकलवाल्याला विचारून नाही. आणि या दोन दिवसांत पुन्हा थंडी वाजली असेल, कूस दुखत असेल किंवा उलटी होत असेल, तर फोनवर थांबू नका, सरळ दवाखाना गाठा.

एवढी घाई का, ते सांगतो. तुम्हाला झालं ते लघवीच्या पिशवीपुरतं नव्हतं, जंतू किडनीपर्यंत चढले होते. पिशवीतला संसर्ग पाच-सात दिवसांत आटोपतो. किडनीच्या आतल्या मांसल भागात शिरलेले जंतू संपवायला गरोदरपणात इंजेक्शन आणि गोळ्या मिळून साधारण १० ते १४ दिवस लागतात. तुमचे आठ झाले. ताप दोन-तीन दिवसांत उतरतो, कारण तोवर जंतूंची संख्या खूप घटलेली असते, पण ते संपलेले नसतात. अर्धवट सोडलं की उरलेले पुन्हा वाढतात, आणि गरोदर बाईच्या किडनीचा संसर्ग उलटला की ती आजारी पडतेच, शिवाय वेळेआधी कळा सुरू होण्याचा धोका असतो. ज्या पेशींच्या काळजीने तुम्ही गोळ्या सोडल्यात, त्या पेशी या जंतूंमुळेच उतरल्या होत्या.

अँटिबायोटिकने प्लेटलेट कमी होतात, हे शेजारणीचं म्हणणं अगदीच निराधार नाही. लिनेझोलिड दहा-पंधरा दिवसांच्या वर चाललं तर होतात, सल्फाच्या गोळ्यांनी कधीकधी होतात, सेफ्ट्रायॅक्सोनच्या गटातल्या औषधांनी क्वचित होतात. पण तुमचेच आकडे ओळीने लावून बघा. ९२,००० पहिल्या इंजेक्शनच्या आधीचे आहेत, आणि ८१ वरून १,१८,००० तुम्ही त्याच गटातलं औषध घेत असताना झाले. औषध पेशी खात असतं तर आकडा रोज खाली गेला असता.

आता ‘पेशी’ या शब्दाबद्दल, कारण त्याने घरोघरी गोंधळ होतो. आपल्याकडे डेंग्यूच्या साथीपासून ‘पांढऱ्या पेशी कमी झाल्या’ असं म्हणायची सवय लागली आहे, आणि बोलणाऱ्याच्या मनात प्लेटलेट असतात. पांढऱ्या पेशी वेगळ्या. त्या जंतूंशी लढतात आणि जिवाणूंच्या संसर्गात बहुधा वाढतात. (गरोदरपणात त्या एरवीही जास्त असतात, १५,००० पर्यंतचा आकडा बघून घाबरायचं कारण नसतं, कळांच्या वेळी तर २५,००० देखील दिसतात.) प्लेटलेट म्हणजे रक्त गोठवायला लागणारे बारीक तुकडे, हाडांच्या मगजातल्या मोठ्या पेशींपासून सुटलेले. एकेक तुकडा आठ-दहा दिवस जगतो आणि रोज नवे तयार होतात. साधारण प्रमाण रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये दीड ते साडेचार लाख. तोच आकडा एक लॅब ९२,००० असा छापते, दुसरी ०.९२ लाख, तिसरी नुसतं ९२ आणि पुढे ‘हजार’चं चिन्ह. साताऱ्याला लॅब बदलली की यावरून घरात हलकल्लोळ होऊ देऊ नका.

जंतूंचा आणि प्लेटलेटचा संबंध असा. ई. कोलायच्या बाहेरच्या आवरणात एक विषारी द्रव्य असतं, एंडोटॉक्सिन. जंतू रक्तात शिरले किंवा मेले की ते सुटतं. प्लेटलेटना हे द्रव्य ओळखता येतं. ते भेटलं की त्या चिकट होतात, पांढऱ्या पेशींना आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला जाऊन बिलगतात, बारीक गुठळ्यांमध्ये खर्ची पडतात. उरलेल्यांपैकी बऱ्याच प्लीहेत आणि यकृतात गाळल्या जातात. म्हणजे कारखाना बंद पडलेला नसतो, खप अचानक वाढलेला असतो. म्हणूनच जंतू आटोक्यात आले की दोन-तीन दिवसांत आकडा चढायला लागतो, आणि पुष्कळदा आठवड्या-दोन आठवड्यांनी आधीपेक्षाही वर जातो. तेव्हा चार लाख दिसले तरी नवं काही बिघडलंय असं समजू नका.

दुसऱ्या दिवशी ९२ चे ८१ झाले तेव्हा घरचे धास्तावले असतील. औषध लागू पडत नव्हतं असा त्याचा अर्थ नाही. पहिल्या चोवीस तासांत खप चालूच असतो, औषधाने फुटलेल्या जंतूंतून एंडोटॉक्सिनही सुटतं, आणि दोन-तीन लिटर सलाईन गेल्यावर रक्त पातळ होऊन सगळेच आकडे थोडे उतरतात. तेव्हा हिमोग्लोबिनही अर्धा-एक ग्रॅमने कमी आलं असेल, रिपोर्ट काढून बघा.

उजवीच कूस का दुखली? गरोदरपणात प्रोजेस्टेरॉनमुळे किडनीतून लघवी खाली आणणाऱ्या नळ्या सैलावतात, लघवी त्यांत रेंगाळते. वाढतं गर्भाशय थोडं उजवीकडे कलतं आणि उजव्या नळीवर जास्त दाब येतो. रेंगाळलेल्या लघवीत जंतू वर चढतात. सोनोग्राफीत ‘उजव्या किडनीला सौम्य सूज’ असं लिहून आलं असेल तर तेवढ्यावरून स्टोन समजायचं नाही, निरोगी गरोदर बायकांतही ते दिसतं.

उन्हाळी लागली की आपल्याकडे पहिला उपाय धणे, वाळा, जवाचं पाणी. प्यायला हरकत नाही, जळजळ कमी होते. अडचण हीच की जळजळ कमी झाल्यावर जंतू गेले असं वाटतं. गरोदर बाईला उन्हाळी लागली तर पहिल्याच दिवशी लघवी तपासायची, पाणी पीत पीत तपासायची. काहींना तर जळजळही होत नाही. लघवीत जंतू असतात आणि त्रास काहीच नाही, असं शंभरातल्या दोन ते दहा गरोदर बायकांत आढळतं. त्यांवर उपचार केले नाहीत तर त्यांतल्या शेकडा वीस-तीस जणींना किडनीचा संसर्ग झाल्याचं जुन्या अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून पहिल्या तिमाहीच्या शेवटी सगळ्याच गरोदर बायकांचं लघवीचं कल्चर व्हायला हवं. नुसत्या ‘रुटीन’ तपासणीवर भागवलं जातं ते पुरेसं नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता तुमच्या प्लेटलेट जंतूंमुळेच उतरल्या कशावरून? गरोदरपणात प्लेटलेट दीड लाखाच्या खाली येण्याचं सगळ्यात मोठं कारण संसर्ग नाहीच. दर चारांतल्या तिघींमध्ये ती गरोदरपणाचीच साधी घट असते: शेवटच्या तीन महिन्यांत, हळूहळू, बहुधा एक लाखाच्या वरच थांबणारी, कसलाही त्रास नसलेली, आणि बाळंतपणानंतर सहा ते बारा आठवड्यांत आपोआप भरून निघणारी. तुमचं तसं नव्हतं. १,९८,००० वरून घसरण झाली ती तापासोबत, आणि ताप उतरल्यावर आकडा वर आला. आधी संसर्ग, मग घट, मग उपचार, मग वाढ, ही साखळीच पुरावा आहे. तरी तो पुरा व्हायचाय. संसर्ग पूर्ण गेल्यावर आकडा दीड लाखाच्या वर जाऊन टिकतो का, हे पाहिल्याशिवाय फाइल मिटायची नाही.

विसाव्या आठवड्यानंतर आणखी एका गोष्टीकडे डोळेझाक चालत नाही, ती म्हणजे गरोदरपणातला रक्तदाब आणि त्याचा उग्र प्रकार. त्यातही प्लेटलेट एक लाखाच्या खाली जातात, उजव्या बाजूला बरगडीखाली पोटात दुखतं, उलट्या होतात. तुमच्यासारख्याच तक्रारी! फरक असा की त्यात ताप आणि हुडहुडी नसते. रक्तदाब बहुतेक वेळा १४०/९० किंवा वर असतो, यकृताचे आकडे दुपटीने वाढतात, एलडीएच (शरीरातल्या पेशींची मोडतोड दाखवणारा रक्तातला आकडा) ६०० च्या वर जातो. इथे एक फसवी जागा आहे. लघवीत प्रोटीन आलं की रक्तदाबाचा आजार अशी शंका येते, पण लघवीत पू असला तरी थोडं प्रोटीन दिसतं. म्हणून संसर्ग बरा झाल्यावर प्रोटीन पुन्हा तपासायचं. डिस्चार्जच्या कागदावर रक्तदाब, एसजीपीटी (यकृताची तपासणी), क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) लिहिलेत का बघा. नसतील तर डॉक्टरांना विचारून घ्या.

तुम्ही कोकणात राहता म्हणून हेही सांगायला हवं. पावसाळ्यात प्लेटलेट कमी करणारा ताप म्हटलं की सगळे डेंग्यूच शोधतात. जिवाणूंचे दोन ताप त्यात मागे राहतात. एक लेप्टोस्पायरोसिस: उंदीर-गुरांच्या लघवीने दूषित झालेल्या चिखल-पाण्यातून, पायाच्या भेगांतून शिरणारा. भातलावणीच्या दिवसांत कोकणात आणि पुरानंतर शहरांत तो उसळतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत त्याची मोठी साथ आली होती. यात पोटऱ्या अतिशय दुखतात, डोळे लाल होतात, किडनी आणि यकृत बिघडू शकतं. पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रायॅक्सोनने तो बरा होतो. दुसरा स्क्रब टायफस: झाडोऱ्यातल्या माइट नावाच्या बारीक किड्याच्या पिलाच्या चाव्यातून होणारा, २०१८ मध्ये विदर्भात ज्याचे बरेच रुग्ण आढळले. याला सेफ्ट्रायॅक्सोन अजिबात लागू पडत नाही. एरवी डॉक्सिसायक्लिन देतात, गरोदरपणात ते टाळून ॲझिथ्रोमायसिन देतात. काखेत, जांघेत, स्तनाखाली, कमरेला परकराची नाडी बांधतात त्या जागी न दुखणारी काळी खपली दिसली तर ती डॉक्टरांना दाखवायची, कारण अशा जागा बाई स्वतःहून दाखवत नाही आणि कोणी बघतही नाही. तुमचा ताप सेफ्ट्रायॅक्सोनने उतरला आणि कल्चरमध्ये ई. कोलाय आले, त्यामुळे स्क्रब टायफसची शंका उरत नाही. पण ताप उलटला, किंवा कोणाचा ताप योग्य औषध ४८ ते ७२ तास जाऊनही हटला नाही, तर हे प्रश्न विचारायचे: चिखलात उतरला होतात का, झाडोऱ्यात गेला होतात का, खपली आहे का, किडनीत स्टोन किंवा पू साठलाय का.

कधीकधी प्लेटलेट कमी नसतातच, मोजणी चुकते. रक्त जांभळ्या बुचाच्या बाटलीत घेतात. त्यातल्या रसायनामुळे काहींच्या प्लेटलेट बाटलीतच एकमेकींना चिकटतात आणि मशीन अख्ख्या गुठळीला धरत नाही. शरीरावर एक डाग नाही, तब्येत ठणठणीत आणि रिपोर्ट ४०,००० चा, असं झालं तर लॅबला काचपट्टीवर रक्त पसरून डोळ्यांनी बघायला सांगायचं आणि निळ्या बुचाच्या बाटलीत पुन्हा रक्त द्यायचं. त्या बाटलीत द्रव असतो म्हणून आलेल्या आकड्याला १.१ ने गुणतात. तुमच्या बाबतीत ही शक्यता कमी, तरी काचपट्टी बघायला खर्च फारसा नसतो.

तुमच्या यजमानांना सांगा, पिशवी आधीच चढवून ठेवायची नसते. १,१८,००० ला तर नाहीच. रक्तस्राव होत नसेल तर साधारणपणे १०,००० च्या खाली गेल्यावर प्लेटलेट देतात, सिझेरियन करायचं असेल तर ५०,००० च्या खाली, आणि रक्त वाहतच असेल तर आकड्यापेक्षा बाईची अवस्था बघून. एका दात्याकडून मशीनने काढलेली मोठी पिशवी आकडा तीस-पन्नास हजारांनी वाढवते, साधी पिशवी पाच-दहा हजारांनी, तेही दोन-तीन दिवसांपुरतं. संसर्ग चालू असेल तर चढवलेल्या प्लेटलेटही त्याच खपात जातात. शिवाय प्लेटलेट फ्रिजमध्ये ठेवता येत नाहीत, २० ते २४ अंशांवर हलवत ठेवतात, त्यामुळे रक्ताच्या सगळ्या घटकांत जंतू वाढण्याचा धोका त्यांतच जास्त. तुमचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर आणखी एक खबरदारी: पॉझिटिव्ह दात्याच्या प्लेटलेट घ्याव्या लागल्या तर अँटि-डीचं इंजेक्शन (पॉझिटिव्ह रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ न देणारं) लागतं का, हे विचारायचं.

सासूबाईंना मात्र जपून सांगायला हवं, कारण त्या मायेपोटी म्हणताहेत. पपईच्या पानांच्या रसाचे जे काही प्रयोग झालेत ते मुख्यतः डेंग्यूवर, आणि तेही गरोदर बायकांवर नाहीत. कच्च्या पपईच्या चिकाने गर्भाशय आकुंचन पावतं, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलेलं आहे. आपल्याच आज्या-पणज्यांनी पोटुशीला कच्ची पपई वर्ज्य सांगितली, मग तिच्या पानांचा रस कसा चालेल, एवढंच त्यांना विचारा, त्यांना पटेल. त्यातून उलट्या झाल्या तर गोळी बाहेर पडेल ते वेगळंच. गुळवेलीचा काढाही नको. त्याने यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत. किवी, बकरीचं दूध यांनी प्लेटलेट वाढल्याचा भरवशाचा पुरावा नाही. किवी आवडत असेल तर फळ म्हणून खा, बकरीचं दूध उकळूनच घ्या. सासूबाईंनी एक काम हाती घेतलं तर खरंच उपयोग होईल: गोळ्यांच्या वेळा आणि दिवसभराचं पाणी. अडीच-तीन लिटर, डॉक्टरांनी बंधन घातलं नसेल तर. गोळी भरल्या पोटी द्यायची. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर डॉक्टरांना विचारून पुन्हा द्यायची.

तापाला किंवा अंगदुखीला फक्त पॅरासिटामॉल, ५०० ते ६५० मिलिग्रॅम, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर. गोळी घेण्याआधी ताप मोजून लिहायचा, नाहीतर ताप झाकला जातो. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा त्यांच्या जोडगोळ्या नकोत. त्या प्लेटलेटचं काम बिघडवतात, संसर्गातून उठलेल्या किडनीवर ताण आणतात, आणि विसाव्या आठवड्यानंतर बाळाच्या किडनीलाही त्रास देतात. रक्तदाबाच्या प्रतिबंधासाठी ॲस्पिरिनची लहान गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करू नका आणि मनाने चालूही ठेवू नका; आकडा सांगून विचारा.

बाळंतपणाची भीती समजते. पण प्लेटलेट थोड्या कमी आहेत एवढ्यावरून सिझेरियन करत नाहीत. ५०,००० च्या वर असतील तर नैसर्गिक बाळंतपण आणि सिझेरियन, दोन्हींत प्लेटलेटमुळे जास्त रक्त जाण्याची शक्यता कमी असते. कमरेतून भूल द्यायला साधारण ७०,००० च्या वर आकडा असावा आणि तो घसरता नसावा, असं भूलतज्ज्ञ मानतात. तुम्ही आजच त्याच्या बऱ्याच वर आहात. मोठा रक्तस्राव होतो तो बहुतेक वेळा गर्भाशय नीट आवळलं न गेल्याने, वारेचा तुकडा आत राहिल्याने किंवा बाळ येण्याचा मार्ग फाटल्याने, आणि तो हिमोग्लोबिन ८ असलेल्या बाईला जास्त महागात पडतो. तेव्हा लोहाच्या गोळ्या चुकवू नका, आणि शाकाहारी असाल तर बी-१२ तपासून घ्या; बी-१२ आणि फोलेटच्या कमतरतेनेही प्लेटलेट उतरतात.

संसर्ग झालेला असतानाच कळा सुरू झाल्या तर मात्र चित्र वेगळं असतं. तेव्हा डॉक्टर नुसत्या प्लेटलेटवर न जाता रक्त गोठण्याच्या तपासण्या करतात: पीटी-आयएनआर आणि फायब्रिनोजेन. गरोदरपणाच्या शेवटी फायब्रिनोजेन ४०० ते ६०० असतं. लॅबच्या कागदावर २०० ते ४०० हे नॉर्मल छापलेलं असतं, त्यामुळे २१० आलं तर त्याखाली लाल रेघ येत नाही. बाळंत होऊ घातलेल्या बाईसाठी २१० ही धोक्याची घंटा आहे.

बाळाबद्दल. आईच्या प्लेटलेट जंतूंमुळे खर्ची पडल्या तर त्यामुळे बाळाच्या कमी होत नाहीत. बाळाच्या उतरतात त्या बहुधा आईच्या शरीरात प्लेटलेटविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाली असतील तेव्हा, कारण ती वारेतून पार होतात. तुमच्या साखळीवरून तसं दिसत नाही. तरीही पुढे आकडा एक लाखाच्या आसपासच घुटमळत राहिला, तर बाळाच्या नाळेच्या रक्तात प्लेटलेट तपासून घ्यायला बालरोगतज्ज्ञांना सांगा. सध्या बाळासाठी बघायचं ते त्याची हालचाल आणि वेळेआधीच्या कळा.

दवाखान्यात कधी धावायचं, हे घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या, आणि प्लेटलेटच्या आकड्याची वाट बघत बसू नका. संसर्ग रक्तात पसरतोय हे आकड्याआधी नाडी आणि श्वास सांगतात. बाई शांत पडलेली असताना, तिला न सांगता, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. चोवीसच्या वर असतील, बसल्या जागी नाडी ११० च्या वर असेल, ताप १००.४ च्या वर असेल किंवा उलट अंग गार पडलं असेल, सहा-आठ तासांत लघवी झाली नसेल, बोलण्यात विसंगती येत असेल, रक्तदाब वरचा ९० च्या खाली असेल, तर यातलं एकही लक्षण पुरे, रात्र असली तरी १०८ बोलवा. पाणी जाऊ लागलं, त्याला दुर्गंध येत असला, पोट थांबून थांबून आवळत असेल, बाळ हलेनासं झालं तरीही तेच. रक्तस्रावाच्या खुणा म्हणजे नडगीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, जे बोटाने दाबूनही जात नाहीत, हिरड्यांतून रक्त, दहा मिनिटं नाक दाबूनही न थांबणारा घोळणा, अंगावरून रक्त. शौचाला काळं होतंय म्हणून मात्र एकदम घाबरू नका, लोहाच्या गोळ्यांनी तसं होतंच. डांबरासारखं चिकट आणि उग्र वासाचं असेल तर ते रक्त असू शकतं.

पुढचा हिशेब असा. सीबीसी (प्लेटलेट मोजणारी रक्ततपासणी) या आठवड्यात एकदा, मग चार आठवड्यांनी, मग ३४ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान. लघवीचं कल्चर औषध संपल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी, आणि मग बाळंतपणापर्यंत दर महिन्याला. हे महत्त्वाचं, कारण किडनीचा संसर्ग एकदा झालेल्या बायकांत तो परतण्याचं प्रमाण बरंच असतं. म्हणूनच बरेच डॉक्टर नंतर रोज रात्री नायट्रोफ्युरँटॉइनची एक लहान गोळी चालू ठेवतात. ती किडनीचा चालू संसर्ग बरा करत नाही, फक्त पिशवीत जंतू वाढू देत नाही. जी-६-पीडी नावाच्या घटकाची कमतरता असेल तर ती चालत नाही, आणि दिवस भरत आले की बंद करतात. तुम्हाला ती हवी का, हे आजच्याच फोनमध्ये विचारा.

कल्चरसाठी लघवी देण्याची पद्धत चुकली की रिपोर्टही चुकतो. साबण न लावता, पुढून मागे असं पाण्याने धुवायचं, पहिली धार सोडून द्यायची, मधली निर्जंतुक बाटलीत धरायची, बाटलीच्या आत बोट लावायचं नाही. तासाभरात लॅबमध्ये पोचवायची. जमणार नसेल तर फ्रिजमध्ये, दारात नाही, आत. ‘मिश्र जंतू’ असा रिपोर्ट आला तर तो बहुधा बाटलीत बाहेरचे जंतू पडल्याचा असतो. नमुना पुन्हा द्यायचा, त्यावर औषध सुरू करायचं नाही.

साताऱ्याला जायच्या आधी तिथल्या दवाखान्यात एकदा नाव घालून या. प्रवासात लघवी दाबून धरू नका, दर दोन तासांनी गाडी थांबवा, कितीही उशीर होऊ दे. फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात एवढं लिहून ठेवा, म्हणजे रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्या तरी ड्यूटीवरच्या डॉक्टरांना शोधाशोध करावी लागणार नाही:

रक्तगट अमुक. २६–२७ आठवड्यांत उजव्या किडनीचा संसर्ग, ई. कोलाय, औषधांची यादी मागे. प्लेटलेट १,९८,००० (तिसरा महिना), ९२,०००, ८१,०००, १,१८,०००, पुढचे आकडे तारखेसह. अँटिबायोटिक पूर्ण झालं ती तारीख. औषध संपल्यानंतरचं कल्चर: तारीख आणि निकाल. शेवटचं हिमोग्लोबिन, रक्तदाब, क्रिएटिनिन. कोणत्या औषधाने मळमळ झाली.